आइस बॉक्समधला माल कोरडा कसा ठेवायचा? बर्फ वितळणारच, त्याच्या पाण्याला जागा ठरवून द्या

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणं काही नवीन नाही. अशा उन्हात आइस बॉक्स आता फक्त कुल्फीवाल्याकडे किंवा कोल्ड्रिंकच्या गाड्यावर राहिलेला नाही. लग्नाचा खवा आणायला, उजनीचे मासे न्यायला, शेळ्यांची लस आणायला, आजी-आजोबांचं इन्सुलिन एसटीने नेताना, द्राक्षाच्या छाटणीला किंवा ऊसतोडीला दिवसभर रानात थांबणाऱ्यांना, सगळ्यांना तो लागतो. कुणाकडे प्लास्टिकचा झाकणाचा बॉक्स असतो, कुणाकडे थर्माकोलची पेटी. काम दोन्हींचं एकच.

पण तक्रारही सगळ्यांची एकच असते. निघताना पेटी छान भरलेली असते आणि पोहोचल्यावर उघडली की आत सगळं तरंगत असतं. खव्याच्या पुड्यात पाणी, पोळ्यांचा लगदा, औषधाच्या बाटलीवरचं लेबल निघून गेलेलं, आणि कोपऱ्यात ठेवलेली डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नाही. माल गार राहिला खरा, पण कामाचा राहिला नाही.

यात बर्फाचा दोष नाही. बर्फ वितळतो म्हणूनच पेटी गार राहते. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो गार पाणी थेट ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणजे बर्फ वितळताना बाहेरची उष्णता पिऊन घेत असतो, तेच त्याचं काम. तेव्हा पाणी होणार हे धरूनच चालायचं. ते पाणी कुठं साचेल आणि माल कुठं बसेल, एवढं पेटी भरतानाच ठरवायचं. हे ठरलं की निम्म्याहून जास्त नुकसान टळतं.

पाणी येतं तीन वाटांनी

पहिली वाट बर्फाची. जेवढा किलो बर्फ, तेवढे लिटर पाणी. चार किलो बर्फ टाकला तर संध्याकाळपर्यंत आत चार लिटर पाणी असणार. सुटा बर्फ असेल तर ते सगळं तळाला मोकळं फिरणार.

दुसरी वाट हवेची. गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसाच पेटीतल्या डब्यांनाही येतो. झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि गार डब्यांवर तिचं पाणी होतं. बर्फ अजिबात सांडला नाही तरी माल ओला का झाला, त्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. जितक्या वेळा झाकण उघडाल, तितक्या वेळा हा घाम येणार. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हा त्रास वाढतो.

तिसरी वाट मालाची स्वतःची. गरम भाजी डब्यात घालून झाकण लावलं की वाफेचं पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला जमतं आणि परत भाजीत पडतं. मासे आणि चिकनलाही पाणी सुटतं. ते पाणी तर सगळ्यात वाईट.

गार पाण्याने बिघडतं काय?

पाणी गारच आहे ना, मग भिजलं तर काय झालं, असं बरेच जण म्हणतात. बिघडतं ते दोन गोष्टींमुळे.

एक म्हणजे बर्फाच्या पाण्यातून घाण एका वस्तूकडून दुसरीकडे जाते. तळाला कच्चं चिकन आणि शेजारी काकडी-टोमॅटो असेल, तर चिकनचं पाणी सगळीकडे पोहोचतं. चिकन पुढे शिजणार आहे, त्यातले जंतू मरतील. काकडी कच्चीच खाल्ली जाणार. उलट्या-जुलाब तिथून सुरू होतात.

दुसरं म्हणजे बर्फ स्वतः किती स्वच्छ आहे हा प्रश्न. कारखान्यातली लादी अनेकदा गोणपाटात, भुशात, टेम्पोच्या फळीवरून येते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने खाण्यालायक नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचं बंधन घातलं. उद्देश हाच, की सरबतात टाकायचा बर्फ कोणता आणि फक्त माल गार ठेवायचा कोणता, हे माणसाला बघताक्षणी कळावं. बर्फ निळसर दिसला तर तो खायचा नाही. आणि पांढरा दिसला म्हणून तो स्वच्छच आहे असंही धरायचं नाही. जो बर्फ तोंडात घालणार नाही, त्याचं पाणीही अन्नाला लागू द्यायचं नाही, हा साधा हिशोब.

यात तापमानाचीही गोष्ट आहे. शिजवलेलं अन्न, दूध, पनीर, मासे ५ अंशांच्या खाली ठेवायचे किंवा ६० अंशांच्या वर गरम ठेवायचे. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्याकडच्या उन्हात नासणारं अन्न तासाभराच्या वर बाहेर ठेवणं धोक्याचं. म्हणजे पेटी गारही पाहिजे आणि कोरडीही पाहिजे. दोन्ही एकदम जमतं, पद्धत बदलावी लागते.

सगळ्यात सोपा उपाय: बाटलीतला बर्फ

सुटा बर्फ टाकण्याऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवा. बर्फ बाटलीत वितळतो, पाणी बाटलीतच राहतं, पेटीत थेंब येत नाही. आणि ते पाणी नंतर पिताही येतं. उन्हात चार माणसं असतील तर हा फायदा काही छोटा नाही.

बाटली गोठवताना काही गोष्टी सांभाळा. पाणी गोठलं की फुगतं, एक लिटरच्या पाण्याचा बर्फ सुमारे एक-दशांशाने वाढतो. म्हणून बाटली काठोकाठ भरू नका, वर तीन-चार बोटं जागा ठेवा. काठोकाठ भरली तर ती फुटते किंवा बुडाला बारीक चीर पडते. ती चीर गोठलेली असताना दिसत नाही, पेटीत गेल्यावर पाझरते. बाटली पातळ, चुरगळलेली नको. बूच घट्ट बसतं का ते आधी पाणी भरून, उलटी धरून बघा.

घरच्या फ्रिजच्या छोट्या कप्प्यात एक लिटरची बाटली पूर्ण गोठायला रात्रभर, कधी पूर्ण दिवस लागतो. त्यात लाइट गेली तर अजून वेळ. म्हणून कार्यक्रम परवा असेल तर बाटल्या आजच ठेवा. एकदम सहा बाटल्या कोंबू नका, दोन-दोन गोठवून साठवत चला. मोठी बाटली उशिरा वितळते, छोटी लवकर. चार-पाच तासांच्या प्रवासाला अर्ध्या लिटरच्या चालतील, दिवसभराला एक-दोन लिटरच्या घ्या.

बाटलीलाही बाहेरून घाम येतो. म्हणून प्रत्येक बाटलीला जुन्या सुती कापडाचा किंवा पंचाचा एक वेढा द्या. घाम कापड पितं, माल कोरडा राहतो.

लादीच घ्यावी लागली तर

लग्नकार्यात, बाजारात बाटल्यांनी भागत नाही, लादी आणावीच लागते. तेव्हा दोन संरक्षणं करा.

पहिलं संरक्षण बर्फालाच. बर्फ सुटा न टाकता झाकणाच्या डब्यात, जुन्या पाच लिटरच्या रुंद तोंडाच्या कॅनमध्ये किंवा एकात एक घातलेल्या दोन जाड पिशव्यांत भरा. पिशवीचं तोंड वर राहील अशी ती उभी ठेवा. आडवी टाकली तर गाठीतून पाणी येणारच. बाजारातली पातळ कॅरीबॅग इथं कामाची नाही, बर्फाच्या टोकांनी ती फाटते. लादी बारीक फोडू नका. जेवढे तुकडे बारीक, तेवढा बर्फ लवकर वितळतो. पेटीत बसतील एवढेच मोठे ठोकळे ठेवा.

दुसरं संरक्षण मालाला. पेटीच्या तळाला जाळी ठेवा. फ्रिजची जुनी जाळी, भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटचा कापलेला तळ, काहीही चालतं. जाळी किती उंच हवी, त्याचा हिशोब घरी करता येतो. समजा पेटी आतून ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे. चार किलो बर्फाचं चार लिटर पाणी झालं आणि सगळं तळाला साचलं, तर त्याची उंची साधारण सव्वा इंच होते. गाडी हिंदकळते म्हणून थोडं जास्त धरा आणि जाळी दोन इंच उंच ठेवा. आठ किलो बर्फ असेल तर पाणी अडीच इंचांच्या वर जाईल, जाळी साडेतीन इंचांवर पाहिजे. जाळीखाली टेकू म्हणून पाण्याने न भिजणारं काहीतरी लावा, प्लास्टिकच्या वाट्या उपड्या घातल्या तरी चालतात. वीट किंवा लाकूड नको. वीट पाणी पिते, लाकूड वास धरतं.

गार हवा जड असते, ती खाली बसते. म्हणून सगळा बर्फ जाळीखाली आणि माल वर, असं केलं तर वरचा माल हवा तेवढा गार होत नाही. बर्फाचे डबे किंवा बाटल्या मालाच्या बाजूंना उभ्या करा, एखादी वर आडवी ठेवा. तळाची जागा पाण्यासाठी सोडा. रिकामी जागा राहिली तर कोरडा टॉवेल कोंबा, आत हवा कमी राहते आणि डबे आदळत नाहीत.

डब्याची बादली परीक्षा

स्टीलचा डबा आपल्याला घट्ट वाटतो, पण बहुतेक स्टीलच्या डब्यांचं झाकण नुसतं वर बसतं. बाजूने पाणी आत जातं. पिशवीला गाठ मारली की झालं, हाही असाच समज. गाठीच्या चुण्यांतून पाणी झिरपतं.

कुठला डबा पाणी धरतो, ते घरीच तपासा. डब्यात वर्तमानपत्राचा कोरडा कपटा टाका, झाकण लावा आणि बादलीभर पाण्यात वर वजन ठेवून १५ मिनिटं बुडवून ठेवा. बाहेर काढून, वरून पुसून मग उघडा. कपटा कोरडा असेल तर तो डबा पेटीत न्यायला लायक. ओला झाला तर त्या डब्यात फक्त बाटल्या, पॅकबंद वस्तू ठेवा. झाकणाला आतून रबराची कडी आणि बाजूला कड्या असलेले डबे या परीक्षेत बहुधा टिकतात. रबर जुनं, कडक झालेलं असेल तर तेही टिकत नाहीत.

अन्न गरम असताना डबा बंद करू नका. ताटात पसरून, वर जाळी झाकून आधी निववा, मग भरा. गरम डबा पेटीत गेला तर दोन तोटे. आत वाफेचं पाणी होतं आणि बर्फही झपाट्याने संपतो. पण निववायच्या नावाखाली भाजी दोन-दोन तास उघडी ठेवायची नाही. पसरट भांड्यात, पंख्याखाली ती लवकर निवते.

आणि एक सांगायचं. भाकरी, चपाती, शेंगाचटणी, ठेचा, लोणचं यांना बर्फ लागतच नाही. ते कापडात बांधून पेटीच्या बाहेर ठेवा. शेंगाचटणी गार पेटीत ठेवून कुणाचा फायदा झालेला नाही, उलट ओल लागून ती खवट होते. पेटीत जागा त्यालाच द्या जे उन्हात नासतं: दूध, दही, ताक, पनीर, खवा, श्रीखंड, अंडी, मांस-मासे आणि औषध.

बूच उघडायचं की नाही?

प्लास्टिकच्या बॉक्सला खाली पाणी सोडायचं बूच असतं. ते कधी उघडायचं यावर दोन मतं ऐकायला मिळतात. दोन्ही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत.

सगळा माल पक्क्या डब्यांत आणि जाळीच्या वर असेल, तर पाणी राहू द्या. ते पाणी बर्फाइतकंच थंड असतं. काढून टाकलं तर त्याच्या जागी बाहेरची गरम हवा येते आणि उरलेला बर्फ लवकर वितळतो. पाणी जाळीपर्यंत आलं की मात्र लगेच सोडायचं.

माल सुटा असेल, कागदात-पिशवीत असेल, किंवा आत कच्चे मासे-मटण असेल, तर पाणी साचूच द्यायचं नाही. दर तासा-दीड तासाला बूच उघडा. पेटी बुचाच्या बाजूला किंचित कलती ठेवा, मागच्या बाजूला दोन बोटांची फळी सरकवली तरी पुरे. थर्माकोलच्या पेटीला बूच नसतं. तिला आतून जाड मेणकापड घाला, कडा बाहेर काढून ठेवा. पाणी मेणकापडात साचतं, पेटी पाझरत नाही, आणि घरी आल्यावर कापड उचलून पाणी ओतता येतं.

माशांचं गणित उलटं

उजनीच्या पाणलोटातले कटला, रोहू, चिलापी भिगवण-इंदापूरच्या बाजारातून गावोगाव जातात. माशांना मात्र सुटा बर्फच चांगला. मासा आणि बर्फ अंगाला अंग लागून राहिले की मासा लवकर गार होतो. आपल्या हवेत एक किलो माशाला एक किलो बर्फ हे चालणारं माप. तळाला बर्फाचा थर, वर मासे, परत बर्फ, असे थर देतात.

इथे कोरडं ठेवायचं म्हणजे मासे पाण्यात बुडू द्यायचे नाहीत. वितळलेलं पाणी माशावरून वाहत खाली जाताना रक्त, चिकटा धुऊन नेतं, ते चांगलंच. पण ते तळाला साचलं आणि खालचे मासे त्यात बुडाले, की त्याच घाणीत ते मुरतात. कल्ले फिके पडतात, अंग मऊ होतं, वास येतो. म्हणून माशांच्या पेटीला तळाला भोक हवंच आणि खाली पाणी धरायला बादली किंवा पाटी. हे पाणी विहिरीच्या, हापशाच्या आसपास ओतू नका.

माशांची पेटी कायमची माशांचीच ठेवा. थर्माकोलच्या दाण्यांत वास आणि पाणी दोन्ही मुरतं, ते धुऊन जात नाही. उद्या त्याच पेटीत दही-श्रीखंड नेलं तर पाहुण्यांच्या लक्षात येतंच. घरापुरते किलोभर मासे आणायचे असतील तर ते झाकणाच्या पक्क्या डब्यात घालून पेटीत सगळ्यात खाली ठेवा. वर ठेवले तर त्यांचं पाणी खालच्या सगळ्यावर गळतं.

लग्नाचा खवा, पनीर, श्रीखंड

बार्शीकडच्या लोकांना भूमचा खवा जवळ. गाडीवर तासाभराचा रस्ता वाटतो, पण मे महिन्याच्या दुपारी तेवढा वेळही खव्याला पुरेसा वाईट आहे. खव्याला पाणी लागलं की तो आंबतो, बुरशी धरतो. खवा घेताना बटर पेपरमध्ये, त्यावर जाड पिशवी आणि मग पक्का डबा, असं तिहेरी ठेवा. डबा बर्फाला टेकवू नका, मध्ये कापड घाला.

पनीर थोडं वेगळं. ते स्वच्छ पाण्यात ठेवतात हे खरं, पण ते पाणी पिण्याचं आणि डब्यातलं. बर्फाच्या पाण्यात पनीर सोडायचं नाही. श्रीखंड-चक्क्यात पाण्याचा थेंब गेला तरी वर पाणी सुटतं आणि आंबटपणा वाढतो. मोठ्या कार्यात दोन पेट्या करा. एक आचाऱ्याची, ती सारखी उघडली जाणार. दुसरी साठ्याची, ती एकदाच उघडायची. शंभर माणसांच्या पंगतीचं श्रीखंड सारख्या उघड-झाक होणाऱ्या पेटीत ठेवलं, तर गारवाही जातो आणि घामाचं पाणीही त्यातच उतरतं. मग जेवणावळीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होते आणि नाव यजमानाचं खराब होतं.

इन्सुलिन आणि लस: इथे चूक परवडत नाही

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते उन्हात तापलं तर बिघडतं, आणि एकदा गोठलं तर कायमचं वाया जातं. परत वितळून ते दिसायला चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही. साखर कमी होत नाही, माणूस आजारी पडतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून इन्सुलिन बर्फावर किंवा गोठलेल्या बाटलीला चिकटून ठेवणं म्हणजे पैसे आणि जीव, दोन्हींशी खेळ.

ते असं ठेवा. इन्सुलिनची कुपी किंवा पेन आधी झिपच्या पिशवीत, मग छोट्या कोरड्या डबीत, डबीभोवती टॉवेलचा वेढा. गोठलेली बाटली त्या टॉवेलच्या बाहेर. बर्फात मीठ टाकायचं नाही. कुल्फीवाले मीठ टाकतात कारण त्याने बर्फ शून्याच्याही बराच खाली जातो. कुल्फीला ते बरं, औषधाला मारक.

लसीकरणाला येणाऱ्या आरोग्यसेविकांची निळी पेटी कधी उघडलेली असेल तर नीट बघा. त्यात सुटा बर्फ नसतो. चार बाजूंना पाणी गोठवलेल्या चार चपट्या बाटल्या असतात आणि मधे लसीच्या कुप्या झिपच्या पिशवीत असतात. त्या चपट्या बाटल्या फ्रीजरमधून काढल्या की लगेच घालत नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला की मगच घालतात, म्हणजे लस गोठत नाही. उघडलेल्या कुपीचं बूच पाण्यात बुडालं असेल किंवा लेबल वाचता येत नसेल, तर ती कुपी परत वापरत नाहीत, टाकून देतात. कोरडेपणाचा नियम सरकारी यंत्रणाही इतका कडक पाळते, तो उगाच नाही. बुचाच्या सुईच्या भोकातून घाण पाणी आत जाऊ शकतं.

जनावरांच्या लसींनाही हेच लागू. लाळ्या-खुरकुताची, घटसर्पाची, शेळ्या-मेंढ्यांची आंत्रविषाराची लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही. मेडिकलवाल्याने बर्फाच्या पिशवीत लस टाकून दिली, तर तिथेच थांबा. लस कोरड्या झिपच्या पिशवीत घाला, कागदात गुंडाळा आणि मगच बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवा. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेल्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या शेळी दगावली तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार.

आषाढी वारीला निघणाऱ्या दिंडीत मधुमेहाची माणसं खूप असतात आणि वाटेत रोज बर्फ मिळत नाही. सध्या वापरात असलेलं, उघडलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं. नेमकी मुदत पाकिटातल्या कागदावर बघा किंवा डॉक्टरांना विचारा. ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून, बरणी मातीच्या माठात अर्धवट पाण्यात ठेवण्याची जुनी रीत उपयोगी पडते. पण पावसाळी दमट हवेत माठ उन्हाळ्याइतका गार होत नाही, कारण माठाचं पाणी वाळतच नाही. तेव्हा सावली आणि वारा मिळेल तिथे ठेवा, ट्रकच्या टपावर किंवा इंजिनाशेजारी नको.

मोबाइल, कागद, पैसे पेटीत नकोच

बाजाराला जाताना पैशाचा बटवा, मोबाइल, दवाखान्याची फाइल पेटीतच टाकायची सवय अनेकांना असते, चोरीला जात नाही म्हणून. गार झालेला मोबाइल दुपारच्या हवेत बाहेर काढला की त्यावर घाम येतो, आतही ओल धरू शकते. शक्यतो या वस्तू वेगळ्या पिशवीत, अंगावर ठेवा. ठेवायच्याच असतील तर झिपच्या पिशवीत, पेटीच्या बाहेरच्या कप्प्यात. चुकून आत राहिलाच, तर बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पिशवीसकट बाहेरच्या हवेशी जुळू द्या, पिशवीवरचा घाम पुसा, मगच मोबाइल काढा. औषधाची चिठ्ठी आणि रिपोर्ट यांचा आधीच फोटो काढा. कागद पेटीत ठेवायचं कारणच उरत नाही.

निघताना आणि आल्यावर

माल आणि बाटल्या भरायच्या अर्धा तास आधी पेटीत एखादी गोठलेली बाटली ठेवून पेटी आतून गार करून घ्या. आधी लागणाऱ्या वस्तू वर, नंतरच्या खाली, म्हणजे शोधाशोध होत नाही. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी मारा. पेटी सावलीत, शक्य तर जमिनीवरून उचलून ठेवा. वर ओलं गोणपाट टाकलं तर बाहेरून गारवा मिळतो, पण त्याचं पाणी झाकणाच्या फटीत जाणार नाही हे बघा.

पोहोचल्यावर ज्याला बर्फाचं पाणी लागलं, त्याचा खरेपणाने निवाडा करा. पॅकबंद बाटली धुऊन घ्या, चालेल. काकडी, आंबा चांगल्या पाण्याने धुऊन, सोलून घ्या. पण पाण्यात भिजलेलं शिजवलेलं अन्न, खवा, पनीर आणि कच्च्या मांसाचं पाणी लागलेलं काहीही कच्चं खायचं नाही. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे, असं नसतं. लेबल निघालेली लस, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. तीनशे-चारशे रुपये जातील, पण दवाखान्याचं बिल त्याहून मोठं येतं.

घरी आल्यावर पेटी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि झाकण उघडं ठेवून वाऱ्यावर वाळवा. ओली पेटी बंद करून माळ्यावर टाकली तर पुढच्या वेळी ती बुरशीसकट उघडेल. वास राहिला असेल तर थोडा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसा. बूच आणि त्याचं रबर काढून वेगळं धुवा, घाण तिथेच साठते.

या सगळ्याला फार खर्च नाही. दोन-चार रिकाम्या बाटल्या, एक जुनी जाळी, दोन झिपच्या पिशव्या आणि एक पंचा, एवढं बहुतेक घरांत असतंच. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल किंवा या हंगामात कार्य असेल, तर बादली परीक्षा आजच करून बघा. कुठला डबा गळतो, ते प्रवासाच्या आधी कळलेलं बरं.